बायपोलर ओळखायला शिकवणारे सहा शनिवार

पुण्यातील एका खासगी मनोविकार रुग्णालयात बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढते तर कधी नैराश्यात बुडते असा मानसिक आजार, असलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी सहा शनिवारांचा वर्ग चालतो. माझी भावजय आणि मी तो यंदाच्या पावसाळ्यात पूर्ण केला. वेळ दुपारी 4 ते 6, एका घरातील दोघांचे मिळून शुल्क 3,600 रुपये, आणि त्यातच एक छापील पुस्तिका व एक मनःस्थितीची नोंदवही मिळते. रुग्णालयाचे नाव मी येथे देत नाही. पहिल्याच दिवशी आम्ही चौदा जणांनी एकमेकांना शब्द दिला होता की, या खोलीत कोण येते हे बाहेर कळेल असे कोणी काही लिहिणार-बोलणार नाही. शिवाय मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत, त्या नाव न घेता मांडलेल्या बऱ्या. असा वर्ग आपल्या जवळपास असेल तर त्यात काय पाहावे, एवढ्यासाठी हा अनुभव उपयोगी पडावा.

आजार माझ्या धाकट्या भावाला आहे. तो आज अडतीस वर्षांचा असून चिंचवडच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये काम करतो. बाविसाव्या वर्षी, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना, तो आठ आठवडे अंथरुणातून जवळजवळ उठलाच नाही. तेव्हा आम्ही सांगलीला राहत होतो आणि नापास झाल्याचा धक्का बसला आहे, असे निदान घरानेच करून टाकले. आईने शनीची शांत केली, मामांनी हवापालटासाठी नेऊन आणले, आणि शेवटी घरच्या डॉक्टरांनी नैराश्याची गोळी सुरू केली. तीन आठवड्यांत तो उठून बसला. नुसता उठून बसला नाही, तर पहाटे 3 वाजता अंगण झाडू लागला, ओळखीच्या सहा जणांकडून उसने पैसे घेऊन दोन जुन्या मोटारसायकली घेऊन आला, आणि सुटे भाग बनवण्याच्या कारखान्याचे आराखडे काढत रात्र-रात्र जागू लागला. आम्हाला आनंद झाला. हे लिहिताना आजही अवघडल्यासारखे होते, पण घडले तसेच: मुलगा बरा झाला म्हणून आईने आळीत पेढे वाटले. बायपोलर हा शब्द आम्ही त्यानंतर नऊ वर्षांनी, तिसऱ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकला.

त्यामुळे वर्गाकडून माझी अपेक्षा एकच होती. लक्षणांच्या याद्या आजकाल कुठेही मिळतात. त्या वाचूनही माणूस समोर बसलेला असताना त्याच्यातला आजार का ओळखता येत नाही, हे मला समजून घ्यायचे होते.

पहिला शनिवार इतिहासात गेला, आणि तो लांबला. फ्रान्समधील झाँ-पिएर फाल्रे यांनी 1850च्या दशकात उन्माद आणि औदासीन्य ही एकाच आजाराची आलटून-पालटून येणारी रूपे असल्याचे मांडले, जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी 1899 मध्ये त्याला 'मॅनिक-डिप्रेसिव्ह' म्हटले, आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या 1980च्या आवृत्तीपासून 'बायपोलर' हे नाव रूढ झाले, एवढे सांगायला दहा मिनिटे पुरली असती. येथे पाऊण तास लागला. त्यानंतर दोन आकडे सांगितले, ते मात्र डोक्यात बसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2019 मध्ये जगात सुमारे 4 कोटी लोकांना हा आजार होता, आणि आपल्याकडच्या 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्या दर दहा जणांतील सुमारे सात जण उपचारांविना असल्याचे दिसून आले. माझ्या शेजारी बसलेले एक निवृत्त गृहस्थ त्यावर हळूच म्हणाले, "म्हणजे आपण तिघांतले. नशीबवानच म्हणायचे." कोणी हसले नाही.

खरा वर्ग दुसऱ्या शनिवारी सुरू झाला. तो डॉक्टरांनी नव्हे, तर रुग्णालयातील सोशल वर्कर मॅडमनी घेतला, आणि माझ्या मते 3,600 रुपयांतील निम्मे पैसे त्या दोन तासांतच वसूल झाले. त्यांनी आजाराबद्दल एक अक्षरही न बोलता प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि सांगितले, "तुमचा माणूस बरा असताना कसा असतो, ते लिहा." आम्ही सगळे अडलो. आजाराची पंधरा वर्षांची हकिकत आम्हाला तोंडपाठ होती, पण बरा असतानाचा माणूस कसा असतो हे लिहायला पेन उचलेना. भावजयीने आणि मी मिळून शेवटी लिहिले ते असे: रात्री 11ला झोपतो, सकाळी 6ला उठतो, कमी बोलतो, घरखर्चाचा हिशेब रुपयापर्यंत ठेवतो, मला रविवारी सकाळी एकदा फोन करतो, वाद झाला तर उठून गच्चीवर जातो, डबा संपवून आणतो.

"आता यादी पाहा," असे म्हणून त्यांनी फळ्यावर उन्मादाची लक्षणे लिहिली. मनःस्थिती नेहमीपेक्षा स्पष्टपणे चढलेली किंवा चिडखोर, आणि त्याच्या जोडीला अंगातला उत्साह व हालचाल वाढलेली; आपण कोणी विशेष आहोत असे वाटणे, झोपेची गरज कमी होणे, बोलणे थांबवता न येणे, विचार एकमेकांवर आदळत धावणे, लक्ष जराशाने विचलित होणे, एकाच वेळी दहा कामे अंगावर घेणे, आणि परिणामांचा विचार न करता पैसे, वाहन किंवा संबंध यांत उडी घेणे. हे किमान आठवडाभर, दिवसाचा बहुतेक वेळ टिकले, किंवा त्यासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तो उन्माद. चार दिवस किंवा त्याहून अधिक टिकले, पण संसार आणि नोकरी मोडण्याइतके वाढले नाही, तर तो सौम्य उन्माद, ज्याला डॉक्टर हायपोमेनिया म्हणतात. पूर्ण उन्माद एकदा जरी येऊन गेला असेल तरी आजार पहिल्या प्रकारचा धरतात. सौम्य उन्माद आणि खोल नैराश्य अशी जोडी असेल तर दुसऱ्या प्रकारचा.

ही यादी मी यापूर्वी अनेकदा वाचली होती. फरक पडला तो यादीच्या शेजारी आमचा कागद ठेवल्याने. जास्त बोलणे हे लक्षण नाही. कमी बोलणाऱ्या माणसाने जास्त बोलणे हे लक्षण आहे. गटातील एक तरुण बडबड्याच आहे, त्याच्या बोलण्यावरून त्याच्या बहिणीला कधीच काही कळणार नाही. तिला कळते ते तो देवपूजा दोन-दोन तास करू लागला की. मॅडमचे म्हणणे असे की, घरची माणसे लक्षण शोधताना स्वभावाशी झगडत बसतात, आणि शोधायचा असतो बदल. तो बदल आपल्याला दिसत नाही, कारण तो हळूहळू येतो आणि सुरुवातीला आपल्या सोयीचा असतो. घरकामाला हात न लावणारा नवरा पहाटे उठून माळे साफ करू लागला, तर तक्रार कोण करील?

झोपेबद्दल त्यांनी जे सांगितले ते मी नोंदवहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले आहे. झोप न येणे वेगळे आणि झोपेची गरज न वाटणे वेगळे. चिंतेने जागणारा माणूस दुसऱ्या दिवशी पेंगतो, कुरकुरतो, डोके दुखते म्हणतो. उन्मादाकडे निघालेला माणूस तीन तास झोपतो आणि तरतरीत उठतो. ओळीने दोन-तीन रात्री असे झाले तर इतर काहीही दिसत नसले तरी डॉक्टरांना फोन करावा. झोप ही अनेकांच्या बाबतीत सर्वांत आधी हलणारी गोष्ट असते, आणि ती लपवणेही सर्वांत अवघड असते. पहाटे 3 वाजता झाडलेले अंगण मला त्या क्षणी पुन्हा दिसले.

उन्माद म्हणजे आनंद, हा माझा समजही तेथेच सुटला. भावाच्या दुसऱ्या वेळी आम्ही फसलो ते यामुळेच. त्या वेळी तो खूश नव्हता, भयंकर चिडलेला होता; सुपरवायझरशी भांडला, गाडी लावण्यावरून शेजाऱ्यांविरुद्ध पोलिसांत अर्ज देऊन आला, भावजयीच्या माहेरी फोन करून सर्वांचे हिशेब काढले. आम्ही त्याला 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हटले, 'माजलाय' म्हटले, पण उन्माद म्हणायचे सुचले नाही. गटातील एका सासूबाईंनी सांगितले की, त्यांच्या सुनेला बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी झोप उडून असंबद्ध बडबड सुरू झाली, तेव्हा घरातल्या थोरांनी 'बाळंतिणीला वात झाला' म्हणून आठवडाभर काढे दिले. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हा या आजारासाठी विशेष धोक्याचा काळ असतो आणि अशा वेळी आठवडा नव्हे, एक दिवसही थांबू नये, हे मॅडमनी अतिशय सौम्य शब्दांत सांगितले. त्या बाईंचे डोळे भरून आले होते, आणि पुढची पाच मिनिटे वर्ग थांबला. चांगल्या वर्गात अशी पाच मिनिटे वाया गेली असे कोणाला वाटत नाही.

त्या दिवसाचा गृहपाठ म्हणजे प्रत्येकाच्या 'स्वतःच्या खुणा' शोधणे. पुस्तकात नसलेल्या, पण त्या एकाच माणसाच्या बाबतीत दर वेळी येणाऱ्या बारीक गोष्टी. जुने फोन, तारखा, भांडणे आठवत आम्ही तीन संध्याकाळी बसलो. भाऊ वर जाऊ लागला की मला 'ताई'ऐवजी 'ताईसाहेब' म्हणू लागतो आणि घरातला मिक्सर किंवा पंखा उघडून दुरुस्त करायला बसतो, मग तो बिघडलेला असो वा नसो. खाली जाऊ लागला की आधी मोटारसायकलच्या चाकात हवा भरायचे थांबते, मग दाढी, मग डबा अर्धा परत येतो. या खुणा कोणत्याही डॉक्टरांना पंधरा मिनिटांच्या भेटीत कळणे शक्य नाही, त्या घरीच सापडतात.

नैराश्याचा तिसरा शनिवार त्या मानाने घाईत उरकला, आणि ही माझी मोठी तक्रार आहे. बायपोलर असलेल्या बहुतेकांच्या आजारपणाचा जास्त काळ उन्मादात नव्हे तर नैराश्यात जातो, असे स्वतः डॉक्टरांनीच सांगितले, आणि मग त्या विषयाला तास-सव्वा तासच दिला. तरी एक गोष्ट नीट कळली. वरून साधे दिसणारे नैराश्य बायपोलरचे असू शकेल अशी शंका कधी घ्यावी, याच्या काही खुणा आहेत: पहिला झटका पंचविशीच्या आत आलेला असणे, रक्ताच्या नात्यात कोणाला हा आजार असणे, झोप उडण्याऐवजी खूप झोप येणे आणि अंग शिसे भरल्यासारखे जड होणे, झटका अचानक सुरू होऊन अचानक संपणे, भास किंवा भ्रम असणे, आणि नैराश्याच्या गोळीने गुण येण्याऐवजी माणूस भलताच चेकाळणे. आमच्या घरी यांपैकी चार खुणा होत्या. म्हणून डॉक्टरांनी आवर्जून सांगितले की, नैराश्याचा उपचार सुरू करताना 'पूर्वी कधी चार-पाच दिवस नेहमीपेक्षा जास्तच उत्साहात होता का' हा प्रश्न विचारला गेला नाही, तर घरच्यांनी तो स्वतः पुढे करावा. रुग्णाला ते दिवस आजाराचे वाटतच नाहीत. ते त्याला आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस वाटतात.

रक्ताच्या नात्याचा विषय निघाल्यावर खोलीत शांतता पसरली, कारण जवळजवळ प्रत्येकाच्या घरात मूल होते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा आजार असेल तर धोका सुमारे 5 ते 10 टक्के, म्हणजे इतरांपेक्षा बराच जास्त. तरीही बहुसंख्य मुलांना तो होत नाही. माझ्या भाचीच्या प्रत्येक हट्टाकडे भावजय कोणत्या नजरेने पाहते, हे मला त्या दिवशी कळले.

मिश्र अवस्थेचा उल्लेखही येथेच झाला. मन नैराश्यात आणि अंगात मात्र उन्मादाची धग, अशी ही अवस्था, आणि आत्महत्येच्या दृष्टीने ती फार धोक्याची. "मरावेसे वाटते का, असे सरळ विचारा; विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही," हे डॉक्टरांचे वाक्य सर्वांनी लिहून घेतले. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळाले नाहीत तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी ती सुरू झाली. चौदा जणांपैकी हा क्रमांक फक्त तिघांना ठाऊक होता.

औषधांचा चौथा शनिवार मला अपेक्षेपेक्षा बराच उपयोगी वाटला, जरी डॉक्टर त्यात दोनदा फोन घ्यायला बाहेर गेले आणि एकदा तर वाक्य अर्धे सोडून गेले. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम देऊन पाहिले आणि त्याचा गुण दिसला, ही कथा त्यांनी रंगवून सांगितली. भाऊ घेतो ते लिथियम हा एक क्षार आहे हे मी घरी सांगितल्यावर आईने फोनवर विचारले, "मिठासारखंच आहे तर मग आमटीतच घालता येणार नाही का? गोळी घेताना तो तोंड वाकडं करतो." मी हसले, पण आईचा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता. मूत्रपिंडे लिथियमला बरेचसे मिठासारखेच वागवतात. शरीरातले मीठ आणि पाणी कमी झाले की ती लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. म्हणून निर्जळी एकादशी, जुलाब-उलट्या, मे महिन्यातले ऊन, वारीतली पायपीट, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून अचानक बंद केलेले मीठ, या सर्वांचा लिथियमशी थेट संबंध आहे. अंगदुखीसाठी दुकानातून सहज आणलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही औषधांनीही पातळी वाढते. भाऊ पाठदुखीसाठी गेली कित्येक वर्षे काय घेत होता, हे पाहण्यासाठी भावजयीने त्याच संध्याकाळी औषधांचा डबा उपडा केला.

रक्तातील पातळी देखभालीच्या काळात साधारण 0.6 ते 1.0 या दरम्यान ठेवतात, आणि तपासणीचे रक्त शेवटची गोळी घेतल्यानंतर बारा तासांनी द्यायचे असते. आम्ही अनेकदा सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलो होतो. मग आकडा पाहून घाबरलो, डोस कमी करण्याविषयी डॉक्टरांशी वाद घातला, आणि हे सारे केवळ चुकीच्या वेळी रक्त दिल्यामुळे. पातळीबरोबर थायरॉइड, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम यांचीही ठरावीक काळाने तपासणी व्हावी लागते. हात जाडसर थरथरू लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, तोल जाऊ लागला, बोलणे जड झाले, तर ते अंगात लिथियम जास्त झाल्याचे चिन्ह समजून रुग्णालय गाठावे. व्हॅल्प्रोएट या बायपोलरवरच्या दुसऱ्या औषधाबद्दल त्यांनी मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते शक्यतो टाळावे, कारण गर्भाला त्याचा मोठा धोका असतो, असे स्पष्ट सांगितले. लॅमोट्रिजिन हे तिसरे औषध फार हळूहळू वाढवावे लागते आणि अंगावर पुरळ दिसताच डॉक्टरांना कळवावे लागते, हेही सांगितले. वजन वाढणे, झोप-झोप होणे, हाताची बारीक थरथर, बोथटल्यासारखे वाटणे यांविषयी मात्र 'सवय होते' एवढ्यावर भागवले. टूल रूममध्ये मायक्रोमीटर हाताळणाऱ्या माणसाला हाताच्या थरथरीची सवय होत नसते. गोळ्या बंद करण्याचे खरे कारण अनेकदा यातच दडलेले असते, आणि त्यावर बोलायला अर्धा तास तरी हवा होता.

पाचवा शनिवार दिनक्रमाचा. झोप, जेवण, काम आणि भेटीगाठी यांच्या वेळा स्थिर ठेवल्याने झटके लांबतात, या विचारावर अमेरिकेत एलेन फ्रँक यांनी उभारलेल्या उपचारपद्धतीची ओळख करून दिली. चर्चा लगेच आपल्याकडच्या गोष्टींवर आली: गणपतीतील जागरणे, नवरात्रातील उपवास, लग्नाचे मांडव आणि रात्रपाळी. रात्रपाळीतून सूट मिळण्यासाठी डॉक्टरांचे पत्र कसे मागावे, त्यात आजाराचे नाव न लिहिताही काम कसे भागते, हा भाग प्रत्यक्ष उपयोगाचा होता. भावाने ते पत्र दिले आणि त्याला पाळ्या बदलून मिळाल्या.

नोंदवहीविषयी स्वतंत्र लिहायला हवे, कारण वर्ग संपल्यावर हातात तीच राहते. रोज एक ओळ, उणे तीन ते अधिक तीन अशी मनःस्थितीची मोजपट्टी, झोपेचे तास, गोळ्या घेतल्या की नाही, आणि शेवटी 'विशेष' असा रकाना. तीनची मोजपट्टी मला योग्य वाटते. पाच किंवा दहा आकडे असते तर भाऊ दुसऱ्या आठवड्यात वैतागला असता. पण रकाने फार अरुंद आहेत, कागद इतका गुळगुळीत की शाईचे पेन फिसकटते, स्त्रियांसाठी पाळीच्या नोंदीला जागाच नाही, आणि वेदनाशामक गोळीसाठीही रकाना नाही, जो चौथ्या शनिवारनंतर अगदी असायलाच हवा होता. आम्ही तो हाताने आखून घेतला. पुस्तिकेबद्दल मात्र फारसे चांगले लिहिता येत नाही. ती इंग्रजीवरून उतरवलेली असावी असे पानोपानी जाणवते. 'द्विध्रुवीय भावावस्था विकृती' हे शीर्षक पाहून माझ्या आईसारखी बाई ती उघडणारच नाही. रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणण्याची जी चांगली रीत आपल्याकडील स्वमदत गटांत आहे, ती पुस्तिकेने उचलली आहे, हे बरे, जरी भाऊ म्हणतो, "मला पेशंट म्हटलं तरी चालेल, फक्त वेळेवर जेवायला वाढा."

सहाव्या शनिवारी पहिला तास कायद्याचा होता आणि दुसऱ्या तासाला रुग्णांनाही बोलावले होते. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती, आपली निर्णयक्षमता शाबूत असताना, पुढे आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवू शकते, आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमू शकते. बायपोलरसारख्या आजारात, जेथे माणूस मधल्या काळात पूर्ण भानावर असतो, या तरतुदीचा केवढा उपयोग आहे! पण नमुना अर्ज दाखवला नाही, तो कोठे द्यायचा हे एका वाक्यात संपवले. विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठीही शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देण्याचे बंधन त्याच कायद्याने घातले आहे, हे तर एका गृहस्थांनी विचारले म्हणून कळले.

दुसऱ्या तासात भाऊ माझ्या समोर बसला होता. मॅडमनी रुग्णांना विचारले की, घरचे गेले महिनाभर येथे येत आहेत, तर घरात काय बदलले. दोघा-तिघांनी चांगले बोलून घेतले. मग भाऊ म्हणाला, "ताई, मी हसलो की तू वही उघडतेस." तो रागाने बोलला नव्हता. परवा क्रिकेटचा सामना पाहताना तो ओरडला तेव्हा भावजयीने आणि मी एकमेकींकडे पाहिले होते, ते त्याने पाहिले होते. बरा असतानाही आपला प्रत्येक आनंद तपासला जातो, म्हणून आता आपण घरात जपून हसतो, असे तो म्हणाला, आणि समोरच्या रांगेतल्या चौघांनी माना हलवल्या.

या वर्गाची खरी उणीव येथे आहे, आणि ती तिसऱ्या मजल्यावरची खोली, बंद लिफ्ट किंवा नोंदणीच्या खिडकीवर सर्वांसमोर मोठ्याने विचारले जाणारे 'कोणता आजार?' यांच्याहून मोठी आहे. पाच आठवडे त्यांनी आम्हाला पाहायला शिकवले, आणि जे पाहिले ते त्या माणसाशी कसे बोलायचे याला शेवटचा अर्धा तास ठेवला. खुणांची यादी आम्ही त्याच्या पाठीमागे बनवली होती. ती त्याच्यासोबत बसून बनवायची असते, हे दुसऱ्याच शनिवारी सांगायला हवे होते. त्या अर्ध्या तासात मॅडमनी जे करून घेतले ते मात्र पक्के होते. प्रत्येक कुटुंबाने रुग्णासह एक कागद लिहायचा: कोणत्या खुणा दिसल्या तर कोण बोलेल, कोणत्या शब्दांत बोलेल, आणि कोणत्या टप्प्यावर त्याला न विचारता डॉक्टरांना फोन करण्याची त्याने स्वतःच दिलेली मुभा घरच्यांना असेल. भावाने 'ताईसाहेब' आणि मिक्सर या दोन्ही खुणा मान्य केल्या आणि तिसरी स्वतःहून सांगितली, जी आम्हाला कधीच दिसली नसती: वर जाऊ लागला की त्याला रंग जास्त ठळक दिसू लागतात, विशेषतः सिग्नलचा हिरवा. बोलायचे फक्त भावजयीने, आणि वाक्य एकच: "आज लवकर झोपू या का?" दोन रात्री तीन तासांपेक्षा कमी झोप झाली तर फोन मी करायचा.

सहा शनिवार पुरेसे आहेत का, याचे उत्तर देताना मला बार्सिलोनाच्या फ्रान्सेस्क कोलोम आणि एदुआर्द व्हिएता यांच्या कामाची आठवण होते. 2003 मध्ये त्यांनी 120 रुग्णांवर केलेल्या अभ्यासात आजाराची समज देणाऱ्या गटाने झटक्यांचे प्रमाण कमी झाल्याचे दाखवले, पण ती सत्रे होती एकवीस. त्याच शहरात कुटुंबीयांसाठी पुढे घेतलेल्या वर्गाची सत्रे बारा होती. त्या मानाने सहा कमीच, आणि त्यांतला एक इतिहासात घालवणे तर परवडणारे नाही. नुकतेच निदान झालेल्यांच्या घरच्यांनी हा वर्ग जरूर करावा. आमच्यासारख्या जुन्यांनाही लिथियमचा आणि खुणांचा शनिवार पुरेसा मोबदला देतो. माणूस त्या वेळी तीव्र उन्मादात किंवा खोल नैराश्यात असेल तर मात्र वर्गाची वाट पाहू नये, आधी डॉक्टर. ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात चौकशी करावी. लिथियम हे जुने आणि स्वस्त औषध आहे.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. शेवटच्या दिवशी दिलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवर आम्ही सर्वांनी लिफ्टविषयी लिहिले होते, आणि आता वर्ग तळमजल्यावर घेऊ असे त्यांनी सांगितले आहे. तसे झाले तर मी आईला घेऊन जाणार आहे. तिला गुडघ्यांमुळे तीन मजले चढवत नाहीत, आणि मिठाविषयीचा तिचा दुसरा प्रश्न तिला डॉक्टरांनाच विचारायचा आहे.